दार हाताने उघडले पाहिजे : विजेवरच्या एसयूव्ही घडवणाऱ्यांना कोल्हापुरातून खुले पत्र

प्रति,
भारतात विजेवरच्या एसयूव्ही तयार करणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक आणि रचना विभाग,
तसेच वाहनांची मानके ठरवणाऱ्या समितीचे सर्व सदस्य यांस

विषय : विजेवरच्या एसयूव्हींची दारे आणि त्यांची येऊ घातलेली फेररचना

सन्माननीय महोदय, महोदया,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे छोटे वर्कशॉप आहे आणि गेली सत्तावीस वर्षे मी तिथे फक्त मोटारींच्या दारांचे काम करतो. कुलपे, बिजागऱ्या, काच वरखाली करणारे रेग्युलेटर, आतून ओढण्याच्या केबली, अपघातात दबलेल्या दाराचा पत्रा आणि चौकट, एवढेच माझे क्षेत्र आहे. इंजिनाला मी हात लावत नाही आणि विजेच्या मोटारीच्या बॅटरीतले मला फारसे कळते असा दावाही करत नाही. परंतु दार कशाने अडते, कशाने सुटते आणि अडलेल्या दारामागे माणूस असला की बाहेर उभ्या असलेल्याची काय अवस्था होते, हे मी पुष्कळ वेळा जवळून पाहिले आहे. गेल्या वर्षी ते माझ्या घरच्या माणसांच्या बाबतीत पाहावे लागले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मे महिन्यातली गोष्ट आहे. माझा पुतण्या त्याच्या नव्या विजेवरच्या एसयूव्हीतून माझ्या आईला आणि स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीला जोतिबाच्या दर्शनाला घेऊन गेला होता. आई ७६ वर्षांची असून तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. दुपारी दीडच्या सुमारास गाडी शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळासमोर येऊन थांबली आणि थांबल्यावर काही क्षणांतच पूर्ण निर्जीव झाली. समोरचा पडदा विझला, पंखा थांबला, मागच्या दारांची बटणे दाबून काही होईना. पुतण्या आपल्या बाजूच्या दाराची आतली कळ ओढून बाहेर आला आणि मागच्या दाराशी गेला, तर बाहेरचे हँडल पत्र्यात जसेच्या तसे बसलेले होते. एरवी किल्ली जवळ आली की ते आपोआप बाहेर येत असे. त्या दिवशी ते आले नाही, आणि त्याला धरण्यासाठी बोटभर फटही नव्हती. मुलीला त्याने दोन सीटांच्या मधून ओढून पुढे घेतले. आईला तसे घेणे शक्यच नव्हते, कारण तिचा गुडघा तेवढा दुमडत नाही.

पुतण्याने कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि दुसऱ्या फोनवरून मला हाक मारली. मी दुचाकीवर एक चार्ज केलेली बॅटरी आणि दोन तारा घेऊन पोहोचलो, तेव्हा मदत क्रमांकावर अजून संगीतच चालू होते. वीज गेल्यावर मागचे दार कसे उघडायचे, ते माहितीपुस्तकात दिलेले होते. पण ते पुस्तक गाडीच्या पडद्यावर होते आणि पडदा बंद होता. सत्तावीस वर्षे दारांचे काम करणारा मी त्या दाराला काहीही करू शकलो नाही. शेवटी बॉनेट उघडून मी बाहेरून वीज जोडली, तेव्हा ते हँडल सावकाश बाहेर आले. एकूण पस्तीस मिनिटे आई मागच्या सीटवर बसून होती. पुढची दोन्ही दारे उघडी असल्याने हवा येत होती, तिला काही इजा झाली नाही, हे मान्य करतो. पण घामाने भिजलेली आई बाहेर आल्यावर मला एवढेच म्हणाली, “तू आला नसतास तर?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. ते आपल्याकडे असले पाहिजे.

त्या कंपनीचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तक्रार एका कंपनीची असती, तर मी तिलाच पत्र लिहिले असते. जे त्या बोळात घडले ते आज बाजारात असलेल्या अनेक गाड्यांत घडू शकते, कारण त्यामागची रचना एकच आहे.

ती रचना साध्या शब्दांत सांगतो, कारण हे पत्र गाडी घेणाऱ्यांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे. जुन्या दारात हँडल ओढले की एक सळई किंवा केबल ओढली जाते आणि ती कुलपाची जीभ सोडवते. हाताचा जोर थेट कुलपापर्यंत पोहोचतो. नव्या दारात हँडल किंवा बटण हा केवळ एक संदेश असतो. तो संदेश गाडीतल्या संगणकाला जातो, संगणक दारातल्या छोट्या मोटरला हुकूम देतो आणि ती मोटर कुलूप सोडवते. गाडी चालवणारी मोठी बॅटरी शेकडो व्होल्टची असली, तरी या छोट्या मोटरला वीज मिळते ती १२ व्होल्टच्या वेगळ्या, लहान बॅटरीकडून. मोठी बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही लहान बॅटरी उतरू शकते. अपघातात तिच्या तारा तुटू शकतात, पाण्यात तिची जोडणी निकामी होऊ शकते. म्हणजे ज्या वेळी दाराची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी दार उघडणारी वीज जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

वेगळ्या धाटणीच्या दारांना माझा विरोध आहे असे कृपया समजू नये. गरजेतून आलेले वेगळे दार मला मनापासून आवडते. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलची दारे पंखांसारखी वर उघडत, कारण तिच्या नळ्यांच्या सांगाड्यामुळे दाराचा उंबरा फार उंच झाला होता आणि नेहमीचे दार तिथे बसतच नव्हते. आपल्याकडे १९८४ पासून २०१९ पर्यंत बनलेल्या मारुतीच्या व्हॅनची, म्हणजे पुढे ओम्नी म्हटल्या गेलेल्या गाडीची, मागची दारे सरकती होती. महाद्वार रोडच्या गर्दीत त्या दारातून माणसे उतरत, शाळेची मुले उतरत, आणि शेजारून जाणाऱ्या सायकलीला दार लागत नसे. त्या दाराचे रोलर झिजले की गाडी माझ्याकडे येई आणि थोडक्या खर्चात दुरुस्त होऊन जाई. ते दार वेगळे होते, पण ते हाताने ओढून उघडत असे. बीएमडब्ल्यूची आय-३ आणि माझदाची एमएक्स-३० या विजेवरच्या गाड्यांची मागची दारे उलट्या बाजूने उघडत, आणि दोन्हींत पुढचे दार उघडल्याशिवाय मागचे उघडत नसे. मागे बसलेल्याचे बाहेर पडणे पुढे बसलेल्याच्या हाती सोपवणारी ही व्यवस्था मला पटत नाही. तरी तिच्यात निदान काय घडते आहे ते डोळ्यांना दिसते.

२०१५ मध्ये टेस्लाची मॉडेल एक्स आली आणि तिच्या मागच्या दारांनी सगळ्या जगाचे डोळे दिपले. ससाण्याच्या पंखांसारखी दोन ठिकाणी दुमडून वर जाणारी ती दारे अरुंद जागेत उघडतात, लहान मुलाला सीटवर बसवताना आईबापांना वाकावे लागत नाही, हे त्यांचे गुण खरेच आहेत. पण वीज गेल्यावर तेच दार आतून उघडायचे असेल, तर दारातल्या स्पीकरची जाळी काढून तिच्यामागची केबल ओढावी लागते. अशी रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धुराने भरलेल्या गाडीतला माणूस कधी आला होता का, असा प्रश्न मला माझ्या धंद्यातला माणूस म्हणून पडतो. त्या गाडीचे अनुकरण करताना आपण सर्वांनी तिच्या सोयी कमी आणि तिची झळाळी जास्त उचलली, असे मला वाटते. आपल्याकडे आलेल्या विजेवरच्या एसयूव्ही पाहिल्या, तर टाटांच्या कर्व्हमध्ये हँडल पत्र्यात बसलेले आहे, महिंद्रांच्या एक्सईव्ही ९ई मध्ये आहे, एमजीच्या विंडसरमध्ये आहे. महिंद्रांच्याच बीई ६ आणि मारुतीच्या ई-विटारामध्ये मागच्या दाराचे हँडल दारावरून उचलून काचेमागच्या खांबापाशी नेलेले आहे. यातल्या कोणत्या गाडीत वीज गेल्यावर काय होते, हे गिऱ्हाइकाला गाडी ताब्यात देताना दाखवले जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या गाडीमालकांपैकी बहुतेकांना ते विचारले की ते माझ्या तोंडाकडे पाहत राहतात.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार बाहेरच्या हँडलची आहे आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. अपघात झाला की पहिला हात पोलिसांचा किंवा अग्निशमन दलाचा नसतो. तो रस्त्यावरच्या माणसाचा असतो. पुणे–बेंगळुरू महामार्गावर शिरोलीपासून कागलपर्यंत अपघात झाला, तर धावत येतो तो शेजारच्या शेतातला माणूस, उसाच्या ट्रॉलीवरचा चालक, चहाच्या टपरीवरचा मुलगा. त्याला त्या गाडीची माहिती नसते आणि ती त्याला असावी अशी अपेक्षाही कोणी करू नये. त्याच्या हाताला धरण्यासारखे काहीतरी मिळाले पाहिजे आणि ते जोराने ओढले की दार सुटले पाहिजे. सपाट पत्र्यावर हात फिरवत राहणारा माणूस कितीही भला असला, तरी आतल्या माणसाच्या उपयोगाचा नाही. काच फोडावी म्हटले, तर आवाज आत येऊ नये म्हणून बाजूच्या दारांनाही दोन थरांची, मधे पापुद्रा असलेली काच बसवलेल्या गाड्या आता येतात आणि ती काच साध्या हातोडीने फुटून खाली पडत नाही.

दुसरी तक्रार आतल्या आणीबाणीच्या कळीची. काही गाड्यांत ती पुढच्या दाराला ठळक असते आणि मागच्या दाराला दडवलेली असते, किंवा चाइल्ड लॉक लावले की निकामी होते. आपल्या घरांतून मागच्या सीटवर कोण बसते, हे आपणास सांगायला नको. तिथे आजी-आजोबा आणि नातवंडे बसतात. ज्यांना बाहेर पडायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यांच्याच वाट्याला सर्वांत अवघड दार यावे, ही रचनेतली चूक नव्हे तर प्राधान्याची चूक आहे. मुलाने चालत्या गाडीत दार उघडू नये ही काळजी योग्यच आहे, पण त्यासाठी वीज गेलेल्या गाडीतल्या सज्ञान माणसाचाही मार्ग बंद करण्याची गरज नाही.

याच्याशीच जोडून एक गोष्ट लक्षात आणून देतो. आपल्या देशाच्या एआयएस-०३८ या मानकाच्या दुसऱ्या सुधारणेनुसार, बॅटरीतल्या एका सेलमध्ये बिघाड होऊन आग पसरू लागली, तर प्रवाशांच्या जागेत धोका निर्माण होण्याच्या निदान ५ मिनिटे आधी गाडीने सूचना दिली पाहिजे. हा नियम फार चांगला आहे. पण ती ५ मिनिटे दिली आहेत ती बाहेर पडण्यासाठी, आणि आमच्या बोळात एक दार उघडायला पस्तीस मिनिटे लागली. एका नियमाने वेळ द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने दाराने तो खाऊन टाकायचा, असे होता कामा नये.

तिसरी तक्रार आमच्या गावच्या पाण्याची आहे. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि कोल्हापूरकरांना हे आकडे पावसाळ्यात रोजच्या भाजीच्या भावासारखे पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली आणि शहरातल्या सखल भागांत उभ्या गाड्या बुडाल्या. २०२१ नंतर कित्येक आठवडे माझ्या वर्कशॉपसमोर गाळाने भरलेल्या गाड्यांची रांग होती. कुलपांत चिखल वाळून बसला होता, तरी आतली केबल पकडून ओढली की जवळजवळ प्रत्येक दार सुटले. ज्या दारात केबलच नसेल, तिथे त्या आठवड्यांत मी काय ओढले असते? पाण्याखाली गेलेली वायर, सेन्सर आणि मोटर वाळवून दार उघडत नाही. ते कापावे लागते. शिवाय पूर नसतानाही इथला पावसाळा चार महिन्यांचा आहे, त्यानंतर उसाचा हंगाम सुरू होतो, रस्त्यावर चिखल, चोथा आणि धूळ असते, आणि पत्र्यात सरकणाऱ्या प्रत्येक हँडलच्या खाचेत ती जाऊन बसते. गाड्यांच्या चाचण्या बर्फात होतात, वाळवंटात होतात, हे मी वाचतो. गगनबावड्याच्या पावसातून आणून चार दिवस न धुता उभ्या केलेल्या गाडीच्या हँडलचीही चाचणी एकदा व्हावी.

चौथी तक्रार मापांची आहे. इमारतीत मोटारीच्या जागेचे नेहमीचे माप २.५ मीटर बाय ५ मीटर असते. एक्सईव्ही ९ई ची रुंदी १,९०७ मिलिमीटर आहे. गाडी अगदी मधोमध उभी केली, तरी दोन्ही बाजूंना तीस सेंटिमीटरही उरत नाहीत. आणि शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गंगावेश इथल्या जुन्या बोळांत तर ते मापही नसते. गाड्या रुंद होत जातील आणि दारे लांब होत जातील, तर वयस्कर माणसाला उतरवायचे कसे, याचा विचार कोणीतरी केला पाहिजे. इथे मी स्वतः वेगळ्या दाराची मागणी करतो आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. आपणास दारांत नवे काही करायचेच असेल, तर विजेवरच्या एसयूव्हीला चांगले सरकते दार द्या.

पाचवी तक्रार माझ्या धंद्याची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. अशा दाराचे कुलूप बदलले की ते गाडीच्या संगणकाशी जुळवावे लागते आणि ते साधन आमच्यापर्यंत येत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनांचा समावेश केला. त्या हक्कात दाराचे कुलूपही आले पाहिजे.

या तक्रारी फक्त उद्यमनगरातल्या एका कारागिराच्या आहेत असे वाटू नये म्हणून बाहेर काय चालले आहे तेही लिहितो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये २०२१ सालच्या सुमारे १ लाख ७४ हजार टेस्ला मॉडेल वाय गाड्यांच्या दारांची चौकशी सुरू केली. छोट्या बॅटरीचा दाब कमी झाल्यावर बाहेरची हँडले चालेनात, मुले आत राहिली आणि काही पालकांना काच फोडावी लागली, अशा त्या तक्रारी होत्या. त्याच महिन्यात टेस्लाच्या मुख्य रचनाकाराने विजेची आणि हाताची उघडणी एकाच हँडलमध्ये आणण्याचे काम सुरू असल्याचे सांगितले. गाड्यांच्या अपघात चाचण्या घेऊन सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या आपल्या गुणपद्धतीत अपघातानंतर विजेची हँडले चालली पाहिजेत ही अट घातली. आणि ज्या चीनमध्ये अशा हँडलांच्या गाड्या सर्वांत जास्त बनल्या, त्या चीनने नियमच केला की १ जानेवारी २०२७ पासून नव्या नमुन्यांच्या गाड्यांच्या दारांना आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून, यांत्रिक उघडणी असलीच पाहिजे आणि बाहेरच्या हँडलला हात घालण्याइतकी जागा असली पाहिजे.

म्हणजे फेररचना होणारच आहे. प्रश्न इतकाच आहे की बदललेले दार आम्हाला मिळणार, की ज्या बाजारात नियम आले तिथे नवे दार जाणार आणि जुन्या दारांच्या गाड्या आमच्या बाजारात विकल्या जाणार. येऊ घातलेल्या विजेवरच्या एसयूव्हींबद्दल मी जे जे वाचतो, त्यात पडदा किती इंचांचा, दिवे कसे, छत काचेचे की पत्र्याचे, याचीच चर्चा असते. संकल्पना म्हणून दाखवलेल्या गाड्यांत तर मधला खांब काढून दोन्ही दारे समोरासमोर उघडलेली असतात. टाटांनी २०२२ मध्ये दाखवलेल्या अविन्याची दारे अशीच होती, जेनेसिसने २०२४ मध्ये दाखवलेल्या निओलूनचीही तशीच होती. मधला खांब म्हणजे केवळ शोभेचा अडथळा नव्हे. बाजूने धडक बसली की तो आधार देतो, पुढच्या सीटच्या पट्ट्याचे वरचे टोक त्याला बांधलेले असते आणि मागच्या दाराची बिजागरी नेहमी त्यावरच असते. तो काढायचा असेल, तर त्याचे काम कोण करणार, हे आधी सांगावे लागेल.

आणि मागे येणे कमीपणाचे असते असे तर मुळीच नाही. ह्युंदाईने २०२१ मध्ये सेव्हन नावाची संकल्पना दाखवली, तिला मधल्या खांबाविना समोरासमोर उघडणारी दारे होती. तिच्यातून २०२४ मध्ये आयोनिक ९ आली, ती नेहमीच्या दारांची. मारुतीने २०१८ च्या स्विफ्टमध्ये मागचे हँडल खांबावर नेले आणि २०२४ च्या स्विफ्टमध्ये ते परत दारावर आणले. आणि आपल्या पुण्यात बनलेली १९९१ ची टाटा सिएरा आठवा. तिला मागच्या सीटसाठी दारेच नव्हती. मागे बसणाऱ्याला पुढची सीट वाकवून आत शिरावे लागे, आणि मागची ती मोठी काच उघडतही नसे. दिसायला ती गाडी इतकी देखणी होती की अजूनही तिचे नाव निघाले की माणसे हळवी होतात. पण २०२५ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा आली तेव्हा काचेचा तो डौल सांभाळून तिला मागची दोन दारे देण्यात आली. जी गोष्ट लोकांना आवडली ती ठेवून, जी अडचणीची होती ती बदलता येते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही. तिथेच, त्या नव्या दारांवर, हँडल मात्र पत्र्यात बसवले गेले, याचे मला वाईट वाटते.

पत्र्यात बसलेल्या हँडलमुळे हवेचा अडथळा कमी होतो आणि गाडी थोडी जास्त धावते, हे कारण मला सांगितले जाते. ते खोटे नाही, पण तो फायदा फार थोडा आहे, आणि हँडलच्या मागे खोलगट जागा ठेवून, सपाटपणा फारसा न मोडता, ओढता येणारे हँडल बनवणे आपल्या अभियंत्यांना अवघड नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून मोटारींचे भाग बाहेर पडताना मी लहानपणापासून पाहतो आहे. इतकी अवघड कामे करणाऱ्या उद्योगाला एक हँडल जमणार नाही, यावर माझा विश्वास नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या किंवा फेररचना झालेल्या विजेवरच्या एसयूव्हीच्या प्रत्येक दाराला आतून आणि बाहेरून हाताने चालणारी यांत्रिक उघडणी असावी. विजेची सोय तिच्या जोडीला राहू द्या, तिच्या जागी नको. बाहेरच्या हँडलमध्ये प्रौढ माणसाची चार बोटे शिरतील एवढी जागा असावी. आतली आणीबाणीची कळ मागच्या दारांनाही असावी, ती दिसेल अशा रंगाची असावी आणि तिच्यावर चित्राने खूण असावी, म्हणजे अक्षर न वाचता येणाऱ्यालाही ती समजेल.

वाहन मानके ठरवणाऱ्या समितीला माझी विनंती आहे की अपघात चाचणीनंतर प्रत्येक रांगेतले किमान एक दार अवजाराशिवाय उघडले पाहिजे, ही जी अट एआयएस-०९८ या अपघात चाचणीच्या मानकात आहे, ती १२ व्होल्टची बॅटरी तोडलेल्या अवस्थेत तपासली जावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या ताऱ्यांतही दार उघडण्याला गुण असावेत, कारण गिऱ्हाईक तारे पाहून गाडी घेते. चीनने जी मुदत घातली आहे, तिच्यापेक्षा फार उशिराची मुदत आम्हाला मिळू नये.

ज्या गाड्या आधीच विकल्या गेल्या आहेत, त्यांच्या मालकांना वीज गेल्यावर दार कसे उघडायचे याचा मराठीत छापलेला कागद द्यावा आणि गाडीच्या आत, सनशेडच्या पाठीमागे, तो चिकटवून द्यावा. गाडी ताब्यात देताना विक्री प्रतिनिधीने मागचे दार वीज तोडून एकदा गिऱ्हाइकाकडून उघडवून घ्यावे. याला दहा मिनिटे लागतील. तसेच प्रत्येक नमुन्याची दारे बाहेरून कशी सोडवायची याची माहितीपत्रके महापालिकांच्या अग्निशमन दलांना आणि महामार्गावरच्या मदत पथकांना कंपन्यांनी स्वतःहून पाठवावीत.

या पत्राचे लेखी उत्तर मिळावे अशी माझी अपेक्षा आहे. त्यात किती महिन्यांत काय बदलणार, एवढेच असले तरी पुरे. एखाद्या कंपनीला हे उत्तर शब्दांऐवजी प्रत्यक्ष द्यायचे असेल, तर तिने आपली येऊ घातलेली एसयूव्ही उद्यमनगरात आणावी. छोट्या बॅटरीची तार मी सोडेन, मागच्या सीटवर माझी आई बसेल, बाहेर शेजारच्या टपरीवरचा कोणीही उभा राहील, आणि दोघांनाही आधी काही सांगितले जाणार नाही. आईला मी याबद्दल विचारले आहे आणि ती तयार आहे.

आपला विश्वासू,
मोटारींच्या दारांचे काम करणारा एक कारागीर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर